शहाळ्याने सलाईन टळेल का?

प्रश्न : जुलाबांमुळे आईला रत्नागिरीच्या रुग्णालयात दाखल केले असून तिचे पोटॅशियम २.४ आले आहे. वाडीतल्या शहाळ्याचे पाणी दिल्यास सलाईन टळेल का?

उत्तर : नाही. रक्तातील पोटॅशियम साधारणतः ३.५ ते ५ मिलिमोल प्रतिलिटर असते, ते २.५ च्या खाली गेल्यास स्नायू लुळे पडण्याचा आणि हृदयाची लय बिघडण्याचा धोका असल्याने ईसीजी काढून, मॅग्नेशियमही तपासून (ते कमी असेल तर पोटॅशियम सहसा भरून येत नाही), पोटॅशियम शिरेतून, बहुधा तासाला १० मिलिमोल अशा बेताने देतात, कारण ते भरभर गेल्यास हृदय थांबू शकते. तेव्हा सलाईन संथ चालते म्हणून परिचारिकेवर रागावू नये. आईंना लघवीच्या गोळ्या चालू असल्यास डॉक्टरांना अवश्य सांगावे. शहाळे नंतर, मूत्रपिंडे ठीक असल्यास, विचारून द्यावे.