आकडा मागू नका, नोंदवही मागा

‘बीड जिल्ह्यातल्या वडवणी तालुक्यातून कर्नाटकातल्या कारखान्यांवर किती ऊसतोड मजूर जातात?’ असं तुम्ही माहिती अधिकारात विचारलं आणि महिन्यानं ‘माहिती निरंक’ एवढंच उत्तर आलं. या एका शब्दात माझाही अख्खा हंगाम गेला होता, म्हणून सविस्तर लिहितो. मी वकील नाही. कायद्याचा मुद्दा अडला तर जाणकाराला विचारा.

गफलत ‘किती’ या शब्दात आहे. कार्यालयाकडं जो कागद आहे त्याची नक्कल मिळते. मोजून द्या म्हटलं की हात झटकायला मोकळीक मिळते. माझा अर्ज एका कार्यालयानं कलम ६(३) खाली दुसऱ्याकडं ढकलला, दुसऱ्यानं तिसऱ्याकडं, आणि अपिलाची सुनावणी लागेपर्यंत ऊसतोड मजुरांच्या टोळ्या गावी परतल्या होत्या. असली टोलवाटोलवी म्हणजे शुद्ध छळ आहे. शिवाय ‘निरंक’ म्हणजे शून्य की नोंदच ठेवलेली नाही, हे कुणी सांगत नाही. ३० दिवसांच्या आत पहिलं अपील करा, २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि नेमकं हेच लेखी मागा. नाहीतर उद्या त्याच कागदावरून ‘एकही मजूर जात नाही’ अशी बातमी व्हायची.

मजुरांची नसली तरी त्यांच्या लेकरांची नोंद शाळेत असते, म्हणून नवा अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांकडं टाका, तोही दसऱ्याच्या आत. एक अर्ज, एक विषय, १५० शब्दांच्या आत. आपल्या राज्याच्या नियमात तसं आहे आणि नेमकं त्यावरच बोट ठेवून अर्ज परत करतात. मागणी अशी लिहा: ‘अमुक केंद्रातील शाळांनी मागील हंगामात पाठवलेले हंगामी वसतिगृहाचे प्रस्ताव आणि दिलेल्या शिक्षण हमी कार्डांच्या नोंदवहीची प्रत, विद्यार्थ्यांची नावे झाकून.’ नावं झाकायचं स्वतःच लिहिलं की खासगी माहितीच्या नावाखाली नकार देणं अवघड होतं. दोन्ही कागद हवेतच. वसतिगृहात मागं राहिलेली लेकरं दिसतात, हमी कार्डात आईबापासोबत गेलेली (तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून हे कार्ड देतात). शाळेत जाणारं लेकरू नसलेलं जोडपं मात्र दोन्हीकडून सुटतं, हे बातमीत स्पष्ट लिहा.

जनगणनेवर विसंबू नका. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीला झाली, म्हणजे ऐन गाळपात, टोळ्या उसाच्या फडात असताना. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ६४ व्या फेरीत (२००७-०८) अल्पकालीन स्थलांतराची व्याख्या एक ते सहा महिन्यांची होती. दसऱ्याला निघून उन्हाळ्यात परतणारा त्या चौकटीच्या काठावरच येतो.

कारखान्याला थेट अर्ज करण्यात वेळ घालवू नका. सहकारी संस्था आपोआप सार्वजनिक प्राधिकरण, म्हणजे या कायद्याखाली माहिती देणं बंधनकारक असलेली संस्था, ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली सांगितलंय. आपल्या राज्यातल्या कारखान्यांसाठी साखर आयुक्तालयाचे गाळप अहवाल घ्या आणि पडताळा करा. एक कोयता, म्हणजे तोडणी करणारं एक जोडपं, दिवसाला साधारण दीड ते दोन टन तोडतो. रोज ५,००० टन गाळप म्हणजे अडीच हजार ते सुमारे ३,३०० कोयते. यंत्रानं तोडलेला ऊस आधी वजा करा. आणि कोयता म्हणजे नवरा-बायको, दोन माणसं! कोयत्यांचा आकडा मजुरांचा म्हणून छापला की निम्मी माणसं, म्हणजे सगळ्या बायाच, बातमीतून गायब होतात. ही चूक मला फार बोचते.

मुकादमाशी, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराशी, ओळख असेल तर त्याची वही बघा: कोयत्याचं नाव, उचल (आगाऊ रक्कम) किती, खर्ची (हंगामात खर्चाला दिलेले पैसे) किती दिली, टनेज (तोडलेल्या उसाचं वजन) किती भरलं. सगळ्यात खरा कागद तोच. फोटो छापू नका. अक्षर ओळखू येतं आणि उचल अंगावर असलेल्या माणसाला त्याचा त्रास होतो.

सीमेपलीकडं अर्ज करायचा तर कन्नड किंवा इंग्रजीत करा. आपला कोर्ट फी स्टॅम्प तिकडं चालत नाही, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावा. कामगार खात्याकडं १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याखालची ठेकेदारांच्या परवान्यांची मागील हंगामांची नोंदवही मागा (हा कायदा नोव्हेंबर २०२५ मध्ये रद्द होऊन त्याची जागा नव्या श्रम संहितेनं घेतली). तिथंही ‘निरंक’ आलं तर ते उत्तर जपून ठेवा. टोळ्या दरवर्षी जात होत्या आणि परवाना एकाही ठेकेदाराचा नव्हता, ही स्वतंत्र बातमी आहे.