‘स्वेअर’ : शपथ की शिवी?

‘डोन्ट स्वेअर!’ या संवादाखाली ‘शपथ घेऊ नकोस’ असे मराठी उपशीर्षक वाचून एका वाचकांनी विचारले आहे, की शपथ घेणे आणि शिव्या देणे या दोन टोकांच्या क्रियांना इंग्रजीत एकच शब्द कसा, आणि ‘कर्स’, ‘प्रोफॅनिटी’, ‘एक्सप्लेटिव्ह’ हे शब्द त्याचेच पर्याय आहेत का.

मूळ अर्थ शपथेचाच आहे. जुन्या इंग्रजीतले ‘स्वेरियन’ म्हणजे शपथ वाहणे. ‘आन्सर’ या नित्याच्या शब्दातही तेच मूळ असून, आरोपाला शपथेवर दिलेले प्रत्युत्तर हा त्याचा जुना अर्थ. बायबलमधील दहा आज्ञांपैकी एक आज्ञा परमेश्वराचे नाव व्यर्थ घेण्यास मनाई करते, त्यामुळे न्यायासनासमोर वाहिलेली शपथ पवित्र, पण गुत्त्यात फासे टाकताना उठसूट काढलेली देवाची आण मात्र पाप, असा भेद त्या समाजात रुजला. त्या फुकाच्या शपथांनाच ‘स्वेअरिंग’ म्हणू लागले. पुढे देवाच्या नावापेक्षा शरीराची आणि संभोगाची नावे अधिक निषिद्ध ठरली, तरी निषिद्ध बोलण्याला चिकटलेले ते जुने नाव तसेच राहिले.

हा धाक किती खरा होता, ते १६०६च्या इंग्लंडमधील कायद्यावरून दिसते : रंगभूमीवर देवाचे किंवा ख्रिस्ताचे नाव थट्टेने उच्चारल्यास १० पौंड दंड होता. नाव तर घ्यायचे, पण ऐकू येऊ द्यायचे नाही, या ओढाताणीतून ‘गॉड्स वूंड्स’, म्हणजे देवाच्या जखमा, याचे ‘झाउंड्स’ झाले आणि ‘गॉड’चे ‘गॉश’. ‘ब्लायमी’ हा लंडनच्या बोलीतला उद्गार तर ‘देव मला आंधळा करो’ या वाक्याचा चोथा आहे.

या शेवटच्या उदाहरणापाशी मला थांबावेसे वाटते, कारण शपथ आणि शाप यांचा सांधा तिथे उघडा पडतो : शपथ म्हणजे अट घालून स्वतःलाच दिलेला शाप. आपल्याकडेही तेच आहे. संस्कृत ‘शप्’ या एकाच धातूपासून ‘शाप’ आणि ‘शपथ’ हे दोन्ही शब्द आले आहेत, आणि ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात (७.१०४.१५) ‘मी यातुधान (जादूटोणा करणारा दुष्ट) असेन तर आजच मरेन’ अशा अर्थाची शपथ आहे. मराठीत मात्र या दोहोंच्या वाटा वेगळ्या झाल्या. ‘आईशप्पथ’ हा आज आश्चर्याचा उद्गार झाला आहे, पण त्याला कोणी शिवी म्हणत नाही. कचकचीत शिवी आपल्याकडे देवाच्या नव्हे, आयाबहिणींच्या नावाने दिली जाते.

आता इतर शब्द. ‘कर्स’ म्हणजे मुळात शाप, आणि त्यातला ‘र’ गळून झालेले अमेरिकी रूप म्हणजे ‘कस’. अमेरिकेत दोन्ही शब्द शिवीगाळीसाठी सर्रास चालतात. ‘प्रोफेन’ हा लॅटिनमधून आलेला शब्द मुळात देवळाबाहेरचे ते दाखवतो, म्हणून ‘प्रोफॅनिटी’चा मूळ रोख अश्लीलतेवर नसून पावित्र्यभंगावर आहे. ‘एक्सप्लेटिव्ह’ म्हणजे रिकामी जागा भरणारा शब्द, आपल्या पादपूरकाचा, म्हणजे कवितेची ओळ भरण्यापुरत्या घातलेल्या शब्दाचा, सख्खा भाऊ. १९७४मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांच्या ध्वनिफितींच्या प्रसिद्ध झालेल्या प्रतिलेखांत शिव्यांच्या जागी ‘एक्सप्लेटिव्ह डिलीटेड’ असे छापले गेले आणि तो शब्द घरोघरी पोचला. मराठी छपाईत हेच काम फुल्या करतात.

भाषांतर करताना आधी शब्दयोगी अव्यय पाहावे. ‘स्वेअर बाय’ आणि ‘स्वेअर टू’ यांत शपथ असते, ‘स्वेअर अ‍ॅट’मध्ये शिवी. नुसते ‘स्वेअर’ आले, की खरी अडचण येते, कारण मराठीत शिवी कोणाला तरी द्यावी, घालावी किंवा हासडावी लागते, तर इंग्रज माणूस अंगठा ठेचल्यावर समोर कोणी नसतानाही ‘स्वेअर’ करतो. तिथे ‘त्याच्या तोंडून शिवी निसटली’ असे म्हणणे मला सर्वांत नेमके वाटते. प्रश्नातला संवाद भांडणातला असेल तर ‘शिव्या देऊ नकोस’ किंवा ‘तोंड सांभाळून बोल’ योग्य. आई मुलाला दटावत असेल तर मात्र ती मराठीत एवढेच म्हणेल, ‘असं घाण बोलू नये’.