नव्या शालेय ग्रंथपालास : सुरुवात एका शिक्षकापासून

आपण रुजू होताच सर्व शिक्षकांना सहकार्याचे पत्रक देण्याचा विचार करीत आहात. तो तूर्त बाजूला ठेवावा, कारण अशी पत्रके शिक्षकखोलीच्या फलकावरच राहतात. त्याऐवजी ज्यांना वाचनाची मुळात आवड आहे असा एकच शिक्षक निवडावा आणि त्यांच्या विषयातील एकच पाठ्यघटक हाती घ्यावा.

त्यापूर्वी त्या इयत्तेचे पाठ्यपुस्तक आणि शिक्षकांचे वार्षिक नियोजन स्वतः वाचावे. सातवीच्या इतिहासात शिवकाल शिकवला जातो, हे ठाऊक असलेला ग्रंथपाल घटक सुरू होण्याच्या पंधरा दिवस आधी गडकोटांवरील आठ-दहा पुस्तके काढून थेट वर्गात नेऊ शकतो. ‘तुम्हाला काय हवे?’ असे मोघम विचारणाऱ्याला मात्र बहुधा ‘कळवतो’ एवढेच उत्तर मिळते. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य आहेत, त्यांचाही उपयोग होतो.

सुरुवातीच्या चुका प्रामुख्याने तीन :

- ग्रंथालयाची तासिका रिकामी तासिका ठरू देणे. शिक्षक त्या वेळी उपस्थित असावेत, हे मुख्याध्यापकांशी बोलून वेळापत्रकातच ठरवून घ्यावे.
- शिक्षकांना न विचारता वर्षाची पुस्तकखरेदी उरकणे.
- १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनालाच सहकार्य समजणे. कार्यक्रम जरूर करावा, पण छायाचित्रांपलीकडे त्यातून फारसे उरत नाही.

वर्गीकरण, संगणकीकरण वगैरे पुढच्या वर्षी पाहता येईल. दिवाळीपूर्वी एक घटक पूर्ण करावा आणि मुलांनी कोणती पुस्तके खरोखर उघडली, ते त्या शिक्षकांसोबत बसून पाहावे.