सोमवारी फ्लॉरेन्सला एकच दिवस आहे आणि उफिझी, अकादेमिया दोन्ही बंद. दिवस वाया जाणार का?

तुम्ही लिहिलंय की रोमहून ट्रेनने येणार, सोबत आईवडील, आणि आता कळलं की सोमवारी दोन्ही मोठी म्युझियम्स बंद असतात, तिकिटं बदलता येत नाहीत. हाच घोळ मी पण घातला होता. हॉटेल बुक करताना वार बघितलाच नाही आणि सोबत माझी आई, जिला आठवडाभर मी डेव्हिड डेव्हिड (अकादेमियातला मायकेलअँजेलोचा प्रसिद्ध पुतळा) करून ठेवलं होतं. तर अनुभवाचे बोल समजा, दिवस वाया जात नाही.

आधी डेव्हिडचंच सांगतो. तो 1504 पासून 1873 पर्यंत बाहेर चौकातच उभा होता, ऊनपावसात, नंतर त्याला अकादेमियात हलवला आणि 1910 मध्ये मूळ जागी प्रत बसवली. म्हणजे पिआत्झा देला सिन्योरियात जे दिसतं ती कॉपी आहे पण जागा खरी आहे, आणि त्या साडेतीनशे वर्षांतल्या लोकांनी तो असाच, मान वर करून, भाजी घेऊन जाता जाता बघितला असणार. आईला तेवढं पुरलं. तिथून काही पावलांवर लोज्जिया देई लान्झी आहे, तीन कमानींचा उघडा मंडप, तिकीट नाही, दार नाही आणि आतले दोन मुख्य पुतळे कॉपी नाहीत, ओरिजिनल आहेत. शिल्पकार चेल्लीनीचा पर्सियस (ग्रीक पुराणातला वीर), हातात मेड्यूसा राक्षसिणीचं तोडलेलं मुंडकं, ब्राँझचा. आणि जांबोलोन्या या शिल्पकाराचा तीन माणसं एकमेकांत गुंतलेला संगमरवरी पुतळा, जो एकाच दगडातून काढलाय. त्याला पूर्ण चक्कर मारा, त्याला समोरची अशी बाजूच नाही, प्रत्येक बाजूने वेगळाच दिसतो. पर्सियसच्या मागच्या बाजूला पण जा, शिरस्त्राणाच्या मागे एक दाढीवाला चेहरा दिसतो, तो चेल्लीनीने स्वतःचाच घातलाय असं म्हणतात. समोरून फोटो काढून निघणाऱ्यांना तो कधीच दिसत नाही.

मग ओर्सानमिकेले. इथे मात्र वेळ काढा. ही आधी धान्याची बाजारपेठ होती, नंतर चर्च झालं आणि बाहेरच्या भिंतींवर 14 कोनाडे, जवळजवळ प्रत्येक कोनाडा एकेका गिल्डचा, म्हणजे व्यापारी किंवा कारागिरांच्या संघटनेचा, आणि प्रत्येकाने आपापल्या संताचा पुतळा करून घेतला. आपल्याकडे पेठेपेठेची मंडळं देखाव्यात चढाओढ करतात तोच प्रकार. श्रीमंत गिल्डांनी ब्राँझचे केले (ब्राँझ संगमरवरापेक्षा कितीतरी महाग), बाकीच्यांनी दगडात भागवलं. आता बाहेर प्रती आहेत पण मला सगळ्यात आवडली ती पुतळ्यांच्या खालची एक पट्टी. दगड आणि लाकडाचं काम करणाऱ्यांच्या गिल्डचा कोनाडा शोधा, चार संत एकत्र उभे आहेत तो, नान्नी दी बांकोचा. त्याच्या खाली कामावरचे कारागीर कोरलेत, एक भिंत बांधतोय, एक खांबाला भोक पाडतोय आणि एक लहान मुलाचा पुतळा घडवतोय. आईचे वडील गवंडी होते, ती तिथेच अडकली, तो ड्रिल कसा फिरवतोय ते मला हाताने करून दाखवत होती आणि मागून जपानी ग्रुप वाट बघतोय.

दुओमोबद्दल (शहराचं घुमटवालं मुख्य चर्च) जास्त लिहीत नाही, तो दिसतोच. घुमटावर चढायला 463 पायऱ्या आणि आधी बुकिंग लागतं, आईवडील सोबत असतील तर राहू दे. खालून बघताना एक गंमत करा. घुमटाच्या वर जो सोन्याचा मुलामा दिलेला गोळा आहे तो 1600 साली वीज पडून खाली आला होता, तो जिथे पडला तिथे चर्चच्या मागच्या बाजूला फरशीत एक गोल संगमरवरी दगड बसवलाय. त्याच्यावर उभं राहून वर बघितलं की पोटात गोळा येतो. पलाझ्झो वेक्किओ (सिन्योरिया चौकातला जुना राजवाडा) सोमवारी उघडं असतं, त्याचं पहिलं अंगण तर फुकटच.

चित्रं बघायची हौस असेल तर सांता त्रिनिता चर्चमध्ये जा, प्रवेश फुकट पण दुपारी बंद असतं म्हणून सकाळीच उरका. आत चित्रकार घिरलांदायोने रंगवलेलं सास्सेत्ती चॅपल (चर्चमधलं छोटं प्रार्थनादालन) आहे, अंधारात काही दिसत नाही, बाजूला डबा असतो त्यात नाणं टाकलं की दिवा लागतो. सुटे युरो ठेवा. त्यातल्या एका चित्रात त्याच चर्चबाहेरचा चौक आहे, बघून बाहेर आलात की तुम्ही त्याच चौकात.

आता खरं सांगायचंय ते. जमलं तर दुपारी काशिने पार्कला जा. नदीकाठचं लांबलचक उद्यान आहे, कुठल्याही टॉप टेन मध्ये नसतं. त्याच्या पार पश्चिम टोकाला, आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमापाशी एक छत्री आहे. कोल्हापूरच्या राजाराम महाराजांची, राजर्षी शाहूंच्या आधीच्या काळातले. इंग्लंडहून परतताना 30 नोव्हेंबर 1870 ला ते फ्लॉरेन्समध्ये वारले, वय फक्त 20. तेव्हा इटलीत दहन होत नसे, खास परवानगी काढून त्यांना त्याच संगमावर अग्नी दिला आणि 1874 मध्ये तिथे छत्री आणि आत पगडीतला अर्धपुतळा उभारला. बाजूच्या मोठ्या पुलाचं नावच "पाँते अल्लइंदियानो", म्हणजे भारतीयाचा पूल.

आईचं माहेर कोल्हापूर. तिला मी आधी काही सांगितलं नव्हतं, नुसतं काशिनेला जाऊ म्हणालो तर ती दिवसभर त्याला काशीच म्हणत होती. तिथे पोचल्यावर तिने काही न बोलता बूट काढले, ओल्या गवतात मोजे भिजले तरी, आणि हात जोडले. बाजूने एक माणूस कुत्रा घेऊन गेला, त्याने "बुओनासेरा" (शुभ संध्याकाळ) म्हटलं, आईने पण त्याला नमस्कार केला. मग पर्समधून चिक्कीचं पाकीट काढलं आणि आम्ही तिथेच बाकावर बसून खाल्ली.

चालणं बरंच आहे, उद्यान साधारण साडेतीन किलोमीटर लांब आहे, ट्राम फक्त अलीकडच्या टोकाला सोडते, वडिलांचे गुडघे दुखत असतील तर सरळ टॅक्सी करा आणि परतीची पण तेव्हाच ठरवा, तिथे रस्त्यात हात केला तर टॅक्सी मिळत नाही. कॉफी बारवर उभ्यानेच प्या, बसलात की बिल वाढतं. आणि आईला चांगले बूट घ्या, ते दगडी रस्ते सँडलचे नाहीत.