वाचकांचे प्रश्न : मुक्त शैक्षणिक साधने आणि ग्रंथपाल

प्रश्न : नाशिकच्या एका वरिष्ठ महाविद्यालयात मी ग्रंथपाल आहे. अभ्यासक्रम बदलला की पुस्तके बाजारात उशिरा येतात. म्हणून मुक्त शैक्षणिक साधनांच्या (परवान्यानुसार फुकट वापरता, वाटता आणि बदलता येणाऱ्या अभ्यास-साहित्याच्या) दीडशे लिंक गोळा करून महाविद्यालयाच्या वेबसाइटवर टाकल्या. मुले तिकडे फिरकत नाहीत. काय करावे?

उत्तर : यादी बाजूला ठेवा आणि एकच पेपर धरा. पुस्तक अजून आलेले नाही, किंवा ज्याच्या प्रती दरवर्षी कमी पडतात, असा पेपर घ्या. परीक्षा तोंडावर आलेला विद्यार्थी ‘अर्थशास्त्र’ शोधत नसतो, त्याला दुसऱ्या सत्राचे तिसरे युनिट हवे असते. तो पेपर शिकवणाऱ्या सरांबरोबर किंवा मॅडमबरोबर अभ्यासक्रमाची प्रत घेऊन तासभर बसा. युनिटमागे दोन, फार तर तीन साधने ठरवा. शोधून आणणे आणि परवाना (साधन कसे वापरता येईल याच्या हक्कधारकाच्या अटी) तपासणे हे तुमचे काम, निवड मात्र त्यांची. वर्गात ज्याचे नाव घेतले जात नाही ते मुले उघडत नाहीत.

शोधाची सुरुवात एनपीटेल (आयआयटी आणि आयआयएस्सीचे व्हिडिओ अभ्यासक्रम), ई-पीजी पाठशाला (पदव्युत्तर विषयांचे साहित्य) आणि ओपनस्टॅक्स (मुक्त इंग्रजी पाठ्यपुस्तके) यांपासून करा. मराठी मजकुरासाठी आपल्याच शहरातल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे अभ्यास साहित्य पाहा. नॅशनल डिजिटल लायब्ररी शोधायला उत्तम, पण ती मुख्यतः ठिकठिकाणच्या साधनांची सूची आहे. तिथल्या प्रत्येक नोंदीमागचा परवाना वेगळा असतो आणि तो मूळ ठिकाणी जाऊनच वाचावा लागतो.

इथेच बहुतेक याद्या फसतात. एनसीईआरटी आणि बालभारतीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात, पण हक्क राखीव असतात. त्यांची लिंक द्या, प्रत आपल्या सर्व्हरवर ठेवू नका. यूट्यूबवरच्या व्हिडिओचेही तसेच. अपलोड करणाऱ्याने क्रिएटिव्ह कॉमन्सचा (सीसी, म्हणजे ठरावीक अटींवर इतरांना वापराची मुभा देणारा परवाना) पर्याय निवडला असेल तरच तो मुक्त. साधनावर सीसी परवाना स्पष्ट असेल तर मात्र स्थानिक प्रत जरूर ठेवा. लिंक मेली तरी साधन हातात राहते.

मग नोंद. वेबसाइटच्या कोपऱ्यातले पान कुणाला सापडत नाही, म्हणून प्रत्येक साधन पुस्तकासारखे कॅटलॉगमध्ये घाला. कोहा या ग्रंथालय सॉफ्टवेअरात ८५६ टॅगच्या (वेब-पत्त्याच्या रकान्याच्या) ‘यू’ सबफील्डमध्ये (उपरकान्यात) पत्ता आणि ‘वाय’मध्ये ‘येथे वाचा’ असा मजकूर द्या. परवाना ५४० टॅगमध्ये (वापराच्या अटींच्या रकान्यात) लिहा. विषय-शीर्षकात पेपरचा कोड आणि युनिट क्रमांकही घाला, कारण मुले तेच टाइप करतात. त्या विषयाच्या कपाटावर क्यूआर कोड चिकटवा. दर सत्राच्या आधी सगळे ८५६ एकदा तपासा. सरकारी संकेतस्थळांची रचना बदलली की पत्ते घाऊक मरतात.

प्रश्न : सिन्नरच्या महाविद्यालयात शिकवतो. ओपनस्टॅक्सचे एक प्रकरण मराठीत आणून मुलांना वाटले तर चालेल का? ग्रंथपाल मदत करायला तयार आहेत.

उत्तर : आधी त्या पुस्तकाचा परवाना पाहा. ओपनस्टॅक्सची अनेक पुस्तके सीसी बाय ४.० (‘बाय’ म्हणजे श्रेय देण्याची अट) वर आहेत. श्रेय दिले की अनुवाद, बदल, छपाई, विक्रीसुद्धा चालते. कॅल्क्युलसचे खंड बाय-एनसी-एसएवर (एनसी म्हणजे व्यापारी वापर नाही, एसए म्हणजे त्याच परवान्याखाली वाटणे) आहेत. त्यांचा अनुवाद व्यापारी हेतूने वापरता येणार नाही आणि तो त्याच परवान्याखाली द्यावा लागेल. परवान्यात एनडी (बदल करण्यास मनाई) असेल तर अनुवाद वाटताच येत नाही. एसए आणि एनसी-एसए अशा दोन साधनांचे तुकडे एका अनुवादात मिसळू नका. दोन्ही अटी एकाच वेळी पाळणे अशक्य असते. चित्रांखालचे श्रेय वेगळे वाचा, काही चित्रे तिसऱ्याची असतात.

श्रेयाची ओळ पहिल्याच पानावर हवी : मूळ शीर्षक, लेखक, मूळ पत्ता, परवान्याचे नाव व आवृत्ती, ‘मराठी अनुवाद व बदल अमुक यांचे’.

आता फॉन्ट, कारण मराठी साहित्य इथेच वाया जाते. श्री-लिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेले पान छापून झकास दिसते, पण त्यात अक्षरे रोमन संकेतांवर बसवलेली असतात. त्यामुळे शोध लागत नाही, मजकूर कॉपी केला की कचरा येतो आणि अंध विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर काहीही बडबडतो. युनिकोडमध्येच टाइप करा. जुना मजकूर कन्व्हर्टरने बदलला असेल तर रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरे नजरेखालून घाला. तिथे कन्व्हर्टर हमखास घसरतो. पीडीएफबरोबर डॉक्स किंवा ओडीटी फाइलही ठेवा. बदलण्याची परवानगी देऊन नुसती पीडीएफ हातात ठेवणे म्हणजे कुलूप लावून घर पाहायला बोलावणे.

प्रश्न : पंचवटीतल्या आमच्या छोट्या वाचनालयात जुनी पुस्तके आहेत. स्कॅन करून शाळांना द्यावीत काय?

उत्तर : भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क (कॉपीराइट) टिकतो आणि ही गणना मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून होते. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचे लेखन २०११ पासून खुले आहे. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, त्यामुळे २०५९ संपेपर्यंत त्यांच्या पुस्तकांना हात लावू नका. खुल्या पुस्तकातही नवी प्रस्तावना, टिपा आणि चित्रे यांचे हक्क वेगळे असतात, ती पाने वगळा. स्कॅन ३०० डीपीआयवर करा. टेसरॅक्ट या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मराठी ओसीआर (पानाच्या चित्रातून मजकूर ओळखण्याची सोय) आहे. जुन्या छपाईवर चुका जास्त निघतात, म्हणून मूळ पानाशी ताडून मगच द्या. मराठी विकिस्रोत या मुक्त ग्रंथांच्या संकेतस्थळावर पान आणि मजकूर शेजारीशेजारी ठेवून मुद्रितशोधन होते, त्यामुळे ते काम एकट्याच्या अंगावर पडत नाही.