डाउनलोडचा आकडा खाली लिही

प्रिय मुली,

सड्यांवरच्या, म्हणजे कोकणातल्या कातळाच्या पठारांवरच्या वनस्पतींच्या तुझ्या नोंदी झेनोडो या खुल्या डेटा-संग्रहावरून साडेतीन हजार वेळा डाउनलोड झाल्या. हा आकडा अर्जात सगळ्यात वर टाकू का, असं विचारलंयस. टाकू नकोस. टाकायचाच तर खाली टाक, आणि तोही आधी नीट तपासून.

तुझ्या त्या रेकॉर्डमध्ये चौदा फाइली आहेत. तालुकावार वेगळ्या, फोटोंची यादी वेगळी, खुलाशाची फाइल वेगळी. झेनोडो फाइली मोजतं, माणसं नाही. एखाद्यानं चौदाही फाइली एकेक करून उतरवल्या की तुझ्या नावावर चौदा डाउनलोड जमा. 'युनिक'चा आकडा वेगळा असतो, त्यात एकाच वापरकर्त्याची तासाभरातली ये-जा एकदाच धरतात. तो बराच लहान निघेल, पण मुलाखतीत कुणी खोदून विचारलं तर तुला तो छातीठोकपणे सांगता येईल. बॉट गाळतात, लागोपाठची दोन क्लिक एकच धरतात, हे सगळं ठीक. तरीही फाइल उतरवणाऱ्यानं ती उघडली का, उघडून तिचं काय केलं, हे त्या आकड्याला ठाऊक नसतं. दुकानात किती जण डोकावले यावरून विक्री सांगण्यातला प्रकार आहे हा.

जीबिफचा, म्हणजे जगभरच्या जीवजातींच्या नोंदींच्या खुल्या भांडाराचा आकडा आणखी फसवा. पण तिथली व्यवस्था मला मनापासून आवडते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. कोपनहेगनमधून चालणारं हे भांडार २००१ साली उभं राहिलं, आणि वापराचा माग कसा ठेवायचा यात त्याच्या तोडीचं फार कमी सापडेल. तिथून कुणी काहीही उतरवलं की त्या डाउनलोडलाच एक स्वतंत्र डीओआय, म्हणजे कायमचा ओळखक्रमांक मिळतो. समज, कुणी पश्चिम भारतातल्या गेंद या रानफुलाच्या सगळ्या नोंदी उतरवल्या. त्यात शेकडो डेटासेटमधल्या नोंदी आल्या, त्यातल्या काही तुझ्या. पेपरात त्या डाउनलोडचा डीओआय दिला की त्या शेकडो डेटासेटच्या पानांवर एकेक सायटेशन, म्हणजे संदर्भ म्हणून केलेला उल्लेख, चढतं. लेखकाला तुझं नावही माहीत नसतं, तरी तुझ्यापर्यंत धागा पोचतो.

गोम इथेच आहे. उद्या कुणी अख्ख्या आशियातल्या फुलझाडांचा डेटा उतरवला आणि त्यात तुझ्या मोजून दहा नोंदी गेल्या, तर तेही एकच सायटेशन. आणि तुझ्याच सड्यांवर सगळा पेपर उभा असेल तर तेही एकच. म्हणून नुसती बेरीज सांगू नकोस. यादी उघड आणि एकेक पेपर बघ. डाउनलोडच्या पानावर कोणत्या डेटासेटमधून किती नोंदी आल्या ते दिलेलं असतं. तुझ्या नोंदी काढून घेतल्या तर पेपर लंगडा पडला असता का, हा प्रश्न प्रत्येकाला विचार. दहा पेपरांपैकी दोन असे निघाले तरी पुष्कळ. त्या दोनांविषयी लिही, उरलेल्या आठांची नुसती संख्या दे.

आता जीबिफबाहेरचं. तिथे तुलाच शोधावं लागेल, कारण डेटासेटचा उल्लेख बहुतेक लोक संदर्भयादीत करतच नाहीत. कुणी 'पद्धती'च्या भागात एका वाक्यात उरकतात, कुणी सप्लिमेंटच्या तक्त्यात, कुणी डेटाऐवजी तुझ्या मूळ पेपरलाच सायटेशन देऊन मोकळे होतात. गूगल स्कॉलरवर डीओआय अवतरणचिन्हांत टाकून शोध, मग डेटासेटचं शीर्षक तसंच टाकून शोध. आणि जुन्या आवृत्त्यांचे डीओआय विसरू नकोस. झेनोडो प्रत्येक आवृत्तीला वेगळा डीओआय देतं आणि सगळ्यांना मिळून एक सामाईक. लोक हाती लागेल तो वापरतात.

'डेटा खुला केला की सायटेशन ६९ टक्क्यांनी वाढतात' हे वाक्य अर्जात घालायचा मोह होईल, तोही आवर. तो आकडा पिवोवार या संशोधिकेच्या आणि सहकाऱ्यांच्या २००७ सालच्या, कर्करोगाच्या ८५ चाचण्यांवरच्या अभ्यासातला. त्याच पिवोवारबाईंनी २०१३ साली व्हिजन यांच्यासोबत दहा हजारांवर पेपर तपासले, इतर कारणं बाजूला काढली, आणि फरक सुमारे ९ टक्क्यांवर आला. तोही जनुकीय मायक्रोॲरेच्या, म्हणजे हजारो जनुकं एकदम तपासण्याच्या तंत्राच्या क्षेत्रातला, आणि वाढलेली सायटेशन मूळ पेपरची. मला त्या अभ्यासातली दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. डेटा गोळा करणारे स्वतः त्यावरचे बहुतेक पेपर दोनेक वर्षांत उरकतात, पण परक्यांकडून होणारा वापर निदान सहा वर्षं चढत राहतो. तुझ्या डेटाला अजून तीनच वर्षं झालीत, हे अर्जात बेलाशक लिही.

काही वापर मात्र कुठल्याच मोजणीत सापडणार नाही. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. २०१० ते २०१२ या काळात तिच्यातून १५० मेगाहर्ट्झवर आकाशाचं सर्वेक्षण झालं. कच्चा डेटा संग्रहातून खुला झाला. पुढे सर्वेक्षण आखणाऱ्या गटाबाहेरच्या इंटेमा आणि सहकाऱ्यांनी त्याच्यावर स्वतःच्या पद्धतीनं पहिल्यापासून प्रक्रिया केली आणि २०१७ साली आकाशाच्या ९० टक्के भागाची, सहा लाखांहून जास्त रेडिओ स्रोतांची यादी प्रसिद्ध केली. आज जगभरचे लोक ही यादी वापरतात आणि सायटेशन देतात ते २०१७च्या पेपरला. रात्रपाळीला बसून निरीक्षणं घेणारे आणि संग्रह जपणारे यांच्या खात्यावर त्यातलं काही जात नाही. यात कुणाची लबाडी नाही. मोजणीच पहिल्या पायरीवर थांबते. प्रथिनांच्या रचनांचंही तेच झालं: १९७१ पासून पीडीबी या खुल्या संग्रहात साठत गेलेल्या रचनांवर अल्फाफोल्ड हा रचनांचा अंदाज बांधणारा एआय प्रोग्राम शिकला, २०२४च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा तो घडवणाऱ्यांना गेला, आणि पीडीबीतली एखादी रचना वर्षं घालवून सोडवणाऱ्याचं एच-इंडेक्स, म्हणजे पेपर आणि सायटेशनवरून काढलेला आकडा, होतं तिथेच राहिलं. म्हणून तुझा डेटा कुणी एखाद्या मोठ्या संकलनात घेतला असेल तर तिथे थांबू नकोस, त्या संकलनातून पुढे काय निघालं तेही बघ.

डेटा खुला करण्याचं मोल सांगणारा एकच नेमका आकडा काढावा म्हणून अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेनं २०२५ मध्ये 'एस-इंडेक्स'ची स्पर्धा लावली, दहा लाख डॉलरच्या बक्षिसांची. निघेलही काहीतरी. मला विचारशील तर असा आकडा आला की दुसऱ्या दिवशी एका डेटासेटचे दहा तुकडे होतील. पेपरांचं काय झालं ते आपण बघतोच आहोत.

तुझ्या नोंदींचं खरं वजन मला तरी जर्नलबाहेर दिसतं. सड्यावरचा गेंद आणि सीतेची आसवं पावसाबरोबर येतात आणि पाणी आटलं की जातात. ईआयएसाठी, म्हणजे प्रकल्पाच्या पर्यावरणीय परिणामांच्या अहवालासाठी, बहुतेक वेळा पावसाळा सोडून एका ऋतूची पाहणी चालते. एप्रिलात सड्यावर गेलेल्या माणसाला काळा कातळ दिसणार, आणि अहवालात 'दुर्मीळ वनस्पती आढळली नाही' असं लिहिलं जाणार. खोटं काहीच नाही त्यात! अशा वेळी जुलै-ऑगस्टच्या तारखेच्या, अक्षांश-रेखांशांसकट खुल्या पडलेल्या तुझ्या नोंदी हा एकमेव पुरावा असू शकतो. पर्यावरण-परवानग्यांच्या सरकारी परिवेश पोर्टलवर रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या प्रकल्पांचे अहवाल आणि जनसुनावणीची इतिवृत्तं चाळ. एखाद्या गावकऱ्यानं हरकतीला तुझा तक्ता जोडलेला सापडला तर तो अर्जात सगळ्यात वर. उलटंही होतं हं. 'या डेटासेटमध्ये अमुक सड्याची नोंद नाही, म्हणजे तिथे काही नाही' असा अर्थ काढणारे सल्लागार आहेत. कुठे गेलीस आणि कुठे गेलीच नाहीस, हे वेगळ्या तक्त्यात स्पष्ट लिहून ठेव. नाहीतर तुझाच डेटा त्या सड्याच्या विरोधात वापरतील.

आलेल्या मेल्स जपून ठेव, एका फोल्डरमध्ये, तारखेनिशी. 'अप्रतिम काम' म्हणणाऱ्यांच्या नव्हे. चुका काढणाऱ्यांच्या. 'तुमच्या देवरुखच्या दोन नोंदी समुद्रात पडतायत' असं कळवणाऱ्यानं डेटा नकाशावर टाकला होता, याहून पक्की खूण कुठली? त्याला उत्तर दे, चूक दुरुस्त कर, नवी आवृत्ती चढव, आणि जाता जाता विचार की हे कशासाठी चाललंय. मागच्या वर्षी आलेल्या त्या वनविभागाच्या मेलला तू उत्तरच दिलं नव्हतंस, आठवतंय ना? आज दे.

अर्जात एक परिच्छेद पुरे. कोणी वापरलं, कशासाठी, त्यानं काय बदललं. अशी दोन-तीन उदाहरणं, प्रत्येकाचा दुवा, मग जीबिफची संख्या, आणि शेवटी युनिक डाउनलोड, कोणत्या तारखेपर्यंतचे ते लिहून. खगोलवाल्यांच्या आकड्यांशी तुलना कुणी केलीच तर सांग की सड्यांच्या वनस्पतींवर काम करणारी माणसं जगात मुळात किती आहेत.

मसुदा रविवारपर्यंत पाठव, वाचून देते. आणि हो, काल तुझी फाइल पुन्हा उघडली. 'उंची' हा रकाना मीटरमध्ये आहे की फुटांत, हे चौदा फाइलींत कुठेही लिहिलेलं नाही.

तुझी,
मॅडम