वाचकांचे प्रश्न: रिपोर्टमध्ये ‘ॲडिनोमा’ आलंय, म्हणजे कॅन्सर का?

प्रश्न: नमस्कार मॅडम, माझे बाबा ५८ वर्षांचे आहेत. संडासवाटे रक्त जायचं, वर्षभर मूळव्याधच समजून औषधं चालू होती, शेवटी कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) केली तर सिग्मॉइडमध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटाकडच्या भागात, १२ एमएमचा देठवाला पॉलिप (अस्तरावर वाढलेली गाठ) निघाला, तो डॉक्टरांनी तेव्हाच काढला. आता रिपोर्ट आलाय: ‘ट्यूब्युलर ॲडिनोमा विथ लो ग्रेड डिसप्लेझिया, मार्जिन फ्री’. गूगल करून करून आम्ही सगळे घाबरलोय, आई तर धड जेवत पण नाहीये. ही पहिली स्टेज आहे का? केमो लागेल का? आणि काढलाच आहे तर ३ वर्षांनी परत कोलोनोस्कोपी कशाला?
– एक वाचक, सांगली

उत्तर: पहिली सोडा, ही कुठलीच स्टेज नाहीये, कारण हा कॅन्सरच नाही. ॲडिनोमा म्हणजे अस्तरातल्या ग्रंथींची गाठ, आज कॅन्सर नसलेली पण ठेवली तर पुढे कधीतरी होऊ शकणारी. केमोचा प्रश्नच येत नाही, आईंना आधी जेवून घ्यायला सांगा.

ॲडिनोमा म्हटला की त्यात निदान लो ग्रेड डिसप्लेझिया (पेशींच्या रूपात आणि ठेवणीत थोडा बिघाड) असतोच, त्याशिवाय आम्ही पॅथॉलॉजिस्ट त्याला ॲडिनोमा म्हणतच नाही, त्यामुळे रिपोर्टमध्ये वेगळं लिहिलंय म्हणजे काहीतरी जास्तीचं सापडलं असं अजिबात नाही. मायक्रोस्कोपखाली बघितलं तर आतड्याच्या नॉर्मल अस्तरात ग्रंथी एकसारख्या उभ्या असतात, पेशींची केंद्रकं छोटी, खाली तळाशी गप बसलेली आणि वरती म्युकसने (चिकट स्रावाने) भरलेल्या पेशी. ॲडिनोमात तीच केंद्रकं लांबट, गडद जांभळी होतात, पेन्सिली उभ्या खोचून ठेवल्यासारखी दाटीवाटीने दिसतात आणि म्युकस कमी होतो. हाय ग्रेडमध्ये हा रांगेचा शिस्तीचा प्रकारच संपतो, केंद्रकं वरपर्यंत चढतात, ग्रंथी एकमेकींत घुसतात. बाबांच्यात ते नाही.

मग कॅन्सर कधी म्हणायचं? अस्तराच्या खाली स्नायूचा एक अगदी पातळ थर असतो, मस्क्युलॅरिस म्युकोझी. तो ओलांडून पेशी खालच्या सबम्युकोसात उतरल्या की कॅन्सर, कारण लसिकावाहिन्या खऱ्या अर्थाने तिथेच भेटतात आणि तिथून पसरायला वाट मिळते. मोठ्या आतड्यात त्या थराच्या वर जे काही आहे ते पूर्ण काढलं की विषय तिथेच मिटतो. देठवाला पॉलिप असला की आमचंही काम सोपं होतं, देठ कापला त्या जागी करंटने जळल्याची खूण दिसते, तेच मार्जिन. तिथे ॲडिनोमा नाही म्हणजे ‘फ्री’. हाच पॉलिप चपटा, २० एमएम किंवा त्याहून मोठा असता आणि तुकड्या-तुकड्यांनी काढला असता तर मार्जिन सांगता आलं नसतं आणि साधारण ६ महिन्यांनीच परत आत बघावं लागलं असतं.

आता ३ वर्षांचं. ॲडिनोमाचा कॅन्सर एका रात्रीत होत नाही, एपीसी, केआरएएस, टीपी५३ अशा जीन्समध्ये एकामागून एक बिघाड साठत जातो (हे चित्र फिअरॉन आणि फोगेलस्टाइन यांनी १९९० मध्ये मांडलं) आणि त्याला बहुतेकदा १० एक वर्षं लागतात. बहुतेक ॲडिनोमा तिथपर्यंत जातही नाहीत. पण ज्या अस्तराने एक पॉलिप केला ते दुसराही करू शकतं, शिवाय आतड्याच्या घडीमागे एखादा छोटा लपून राहतो. एक-दोनच आणि १० एमएमपेक्षा लहान असते तर अमेरिकेच्या २०२० च्या गाइडलाइनप्रमाणे ७ ते १० वर्षं थांबता आलं असतं. १० किंवा त्याहून मोठा, किंवा व्हिलस (बोटांसारखा वाढलेला) भाग, किंवा हाय ग्रेड, यातलं एकही असलं की ३ वर्षं. तुमचा १२ आहे. आणि काढल्याचा फायदा खरंच होतो बरं का, अमेरिकेतल्या नॅशनल पॉलिप स्टडीत (१९९३) ॲडिनोमा काढलेल्या १,४१८ लोकांत कॅन्सर अपेक्षेपेक्षा ७६ ते ९० टक्के कमी आढळला.

तुम्ही स्वतःबद्दल विचारलंच नाहीत. वडिलांना साठीच्या आत १० एमएमच्या वरचा ॲडिनोमा निघाला म्हणजे तुमची आणि भावंडांची पहिली कोलोनोस्कोपी वयाच्या ४०व्या वर्षी, काही त्रास नसला तरी. कोलोनोस्कोपीचा आणि बायोप्सीचा असे दोन्ही रिपोर्ट फाइलला लावून ठेवा, साइज स्कोपीवाल्या कागदावरच नीट असते, तुकडा ज्या द्रवात ठेवतात त्या फॉर्मलिनमध्ये तो थोडा आक्रसतो.

प्रश्न: मुलगा ४ वर्षांचा आहे. शी करताना दुखत नाही पण रक्त येतं. पॉलिप काढला, ‘जुव्हेनाइल पॉलिप’ लिहिलंय. पुढे कॅन्सर होईल का?
– एक आई, पणजी

उत्तर: नाही हो. लहान मुलांत सगळ्यात जास्त सापडणारा पॉलिप हाच, त्यात म्युकसने फुगलेल्या ग्रंथी आणि सूज आलेला मधला भाग एवढंच असतं. एकुलता एक असेल आणि काढला असेल तर झालं. ५ किंवा जास्त निघाले, किंवा घरात आणखी कुणाला असे पॉलिप झालेत, तर मात्र जुव्हेनाइल पॉलिपोसिस नावाचा आनुवंशिक प्रकार तपासावा लागतो, त्याचा पाठपुरावा वेगळा असतो. पूर्ण आतडं बघितलं का आणि एकूण किती होते हे स्कोपी केलेल्या डॉक्टरांना विचारून घ्या.